उताणे की पालथे? एका सल्ल्याचा इतिहास

घरात तान्हे बाळ आले की सल्ल्यांना तोटा नसतो. न्हाऊ घालणारी बाई एक सांगते, आजी दुसरे सांगते, शेजारच्या काकू तिसरे आणि डॉक्टर चौथेच. या सल्ल्यांमधला एक प्रश्न अगदी साधा दिसतो. बाळाला निजवताना उताणे निजवावे, पालथे निजवावे, की कुशीवर? उताणे निजवले आणि दूध उलटून आले तर ते घशात अडकणार नाही ना? पालथे निजवले तर नाक दबणार नाही ना? बाळाचा श्वास चालू आहे ना, हे रात्री उठून नाकाशी बोट धरून पाहिले नाही असे आईवडील विरळाच.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतल्या वैद्यकाने या प्रश्नाला एक ठाम उत्तर दिले: पालथे निजवा. हे उत्तर चुकीचे होते. ते पूर्णपणे मागे घेतले जाईपर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले आणि तेवढ्या काळात हजारो धडधाकट बाळे झोपेतच गेली. सल्ला देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांचा हेतू चांगला होता आणि कारणही ऐकताक्षणी पटावे असे होते. मग चूक झाली कुठे? विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न मुळातून समजून घ्यायला हवा, म्हणून ही हकिगत आपण सविस्तर पाहू.

दोष कोणाचा?

रात्री नीट दूध पिऊन निजलेले बाळ सकाळी मृत आढळते. आजार नाही, ताप नाही, अंगावर खूण नाही. अशा मृत्यूंची नोंद फार जुनी आहे. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या गोष्टीत दोन आया एका बाळासाठी भांडतात, हे आपल्याला ठाऊक असते. त्या भांडणाचे मूळ मात्र आपण सहसा विसरतो. त्यांतल्या एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली येऊन गेले होते. पुढची अनेक शतके युरोपात अशा मृत्यूंचे हेच स्पष्टीकरण दिले जाई आणि दोष आईच्या माथी येई. १८९२ साली स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस सर्जन चार्ल्स टेम्पलमन यांनी अशा २५८ मृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध केला. शनिवारच्या रात्री हे मृत्यू अधिक होतात, असे त्यांना दिसले. आयांचे अज्ञान व निष्काळजीपणा, दारू आणि दाटीवाटीची घरे ही कारणे त्यांनी दिली.

बाळ वेगळ्या पाळण्यात निजवले तरी असे मृत्यू होतच होते. मग दुसरे कारण शोधले गेले. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीकडे बोट दाखवले. अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी मोठी दिसे. तेव्हा ती वाढते आणि त्यातून मृत्यू ओढवतो, असे मानले गेले. अमेरिकेत तर धडधाकट बाळांच्या गळ्या-छातीवर क्ष-किरणांचा मारा करून ही ग्रंथी लहान करण्याची प्रथा पडली आणि ती काही दशके चालली. वास्तविक ती ग्रंथी मोठी नव्हतीच, ती तेवढीच असते. दीर्घ आजारात थायमस आक्रसते आणि डॉक्टरांनी एरवी पाहिलेली शवे बहुधा दीर्घ आजाराने गेलेल्या गरीब मुलांची असत. आक्रसलेली ग्रंथी त्यांनी नेहमीची मानली आणि नेहमीची ग्रंथी रोगट ठरवली. क्ष-किरणांची किंमत पुढे कळली. १९५० च्या सुमारास थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांची चौकशी करताना, त्यांतल्या अनेकांना तान्हेपणी थायमससाठी क्ष-किरण दिले होते, असे आढळले.

तुलना कशाशी करायची हे चुकले की निष्कर्षही चुकतो. हा धडा येथेच मिळाला होता, पण तो लगेच गिरवला गेला नाही.

पटण्याजोगे कारण

१९४६ मध्ये अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक निघाले. आईवडिलांशी धाक न दाखवता बोलणारे ते पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले, अनेक भाषांत गेले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीत स्पॉक यांनी उताणे निजवण्याचे दोन तोटे सांगितले. एक, बाळाला ओकारी आली तर ती घशात अडकण्याची शक्यता अधिक. दुसरा, बाळ एकाच बाजूला मान ठेवते, त्यामुळे डोके त्या बाजूने चपटे होते. म्हणून पहिल्यापासून पालथे निजण्याची सवय लावावी, असा त्यांचा सल्ला होता. स्पॉक एकटे नव्हते. १९४० च्या दशकापासून इतर काही पुस्तकांतही असाच सल्ला येऊ लागला होता.

पुढे त्याला आणखी एक आधार मिळाला. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या, श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना रुग्णालयात पालथे ठेवले तर त्यांचा श्वास सुधारतो, असे दिसून आले. हे निरीक्षण बरोबर होते. पण तेथे परिचारिका आणि यंत्रे यांचे बाळावर अहोरात्र लक्ष असते. तीच पद्धत पूर्ण दिवसांच्या, निरोगी, घरी एकट्याने निजणाऱ्या बाळांसाठीही योग्य मानली गेली. रुग्णालयात परिचारिका बाळाला कसे ठेवते हे पाहूनच नवी आई घरी गेल्यावर तसे करते. अशा रीतीने सल्ला घरोघर पोचला.

या सल्ल्यात एक गोष्ट मात्र नव्हती. पालथी निजणारी बाळे आणि उताणी निजणारी बाळे यांतली किती दगावतात, हे कोणी मोजून पाहिले नव्हते.

मोजणी काय सांगत होती?

अगदी कोणीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड अब्राम्सन यांनी गुदमरून गेले असे नोंदलेल्या बाळांची माहिती तपासली, तेव्हा त्यांतली बहुसंख्य पालथी आढळली होती. पण दुसऱ्याच वर्षी वुली या डॉक्टरांनी बाळांवर पांघरुणे घालून पाहिली आणि नाकावर पांघरूण आले तरी निरोगी बाळ सहसा गुदमरत नाही, असे मत मांडले. या मताचे स्वागत झाले, कारण त्यामुळे दुःखी आईवडिलांवरचा हलगर्जीपणाचा ठपका पुसला जात होता. तो पुसणे न्याय्यच होते, पण त्याबरोबर अब्राम्सन यांचे निरीक्षणही पुसले गेले. १९६९ मध्ये सिएटल येथील परिषदेत, कसून तपासूनही ज्याचे कारण सापडत नाही अशा मृत्यूला 'आकस्मिक अर्भकमृत्यू' असे स्वतंत्र नाव मिळाले. बोलीभाषेत त्याला 'पाळण्यातला मृत्यू' म्हणत.

आता मोजणी कशी करतात ते पाहू. दगावलेल्या बाळांतली बहुसंख्य पालथी होती, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. गावातली सगळीच बाळे पालथी निजत असतील तर दगावलेलीही पालथीच सापडणार. म्हणून त्याच वयाच्या, त्याच भागातल्या जिवंत बाळांशी तुलना हवी. समजा (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत) दगावलेल्या १०० बाळांत ८० पालथी निजली होती आणि २० नव्हती. तुलनेसाठी घेतलेल्या १०० जिवंत बाळांत ५० पालथी निजतात आणि ५० निजत नाहीत. पहिल्या गटात पालथ्यांचे इतरांशी गुणोत्तर ४, दुसऱ्या गटात १. म्हणजे पालथे निजण्याशी निगडित धोका सुमारे चौपट. नववीचा विद्यार्थीही हे गणित करू शकेल.

अशी तुलना १९६५ मध्ये इंग्लंडमधून आणि १९७० मध्ये उत्तर आयर्लंडमधून प्रसिद्ध झाली. दोन्ही अभ्यासांचा मुख्य विषय वेगळा होता, झोपेची स्थिती त्यांत इतर अनेक गोष्टींबरोबर नोंदली गेली होती. आकडे एका कोष्टकात पडून राहिले. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सारे अभ्यास एकत्र करून पुन्हा गणित मांडले. १९७० पर्यंतचे अभ्यास जरी कोणी एकत्र मांडले असते, तरी पालथ्या बाळांना उताण्यांपेक्षा सुमारे तिप्पट धोका आहे, हे तेव्हाच दिसले असते, असे त्यांना आढळले. पण ते कोणी एकत्र केले नाहीत. पालथे निजवण्याचा सल्ला देणारी पुस्तके १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. वेळीच बेरीज झाली असती तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे.

वैद्यकीय संशोधनांची बेरीज करण्याची पद्धत रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते आयन चाल्मर्स हे ब्रिटिश डॉक्टर. तरुणपणी आपणही स्पॉक यांचे वाचून आईवडिलांना हाच सल्ला दिला होता, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले.

हाँगकाँग, हॉलंड आणि अॅडलेड

बाळांचे दोन गट करून एकाला मुद्दाम पालथे निजवायचे आणि कोण जगते ते पाहायचे, असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. अशा वेळी जगात आपोआप घडलेल्या फरकांकडे पाहावे लागते. १९८५ मध्ये हाँगकाँगमध्ये काम करणारे बालरोगतज्ज्ञ डी. पी. डेव्हिस यांनी लिहिले की तेथे पाळण्यातला मृत्यू अगदी विरळ आहे, हजार जन्मांमागे ०.३ च्या आसपास. त्या काळात इंग्लंडमध्ये हेच प्रमाण हजारी दोनच्या आसपास होते. हाँगकाँगमधली घरे दाटीवाटीची होती, पण बाळे उताणी निजत होती.

हॉलंडमध्ये उलटे घडले. तेथे १९७० च्या दशकाच्या आरंभी पालथे निजवण्याचा सल्ला पसरला आणि पुढच्या पंधरा वर्षांत हे मृत्यू दुपटीहून अधिक झाले. १९८७ मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक डी योंगे यांनी जाहीरपणे सांगितले की बाळांना पालथे निजवू नका. आईवडिलांनी ते ऐकले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. ऑस्ट्रेलियातील अॅडलेडच्या बालरोगतज्ज्ञ सुझन बील यांची पद्धत वेगळी होती. बाळ गमावलेल्या शेकडो कुटुंबांच्या घरी त्या स्वतः गेल्या. बाळ कसे निजले होते, पांघरूण कोणते होते, हे त्यांनी आस्थेने विचारले आणि टिपून ठेवले. पालथ्या झोपेबद्दलचा इशारा देणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या.

ब्रिटनमध्येही एक फरक डोळ्यांसमोर होता. तेथे १९८० च्या दशकातील नोंदी तपासल्या तेव्हा भारतात व बांगलादेशात जन्मलेल्या आयांच्या बाळांत हे मृत्यू ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आयांच्या बाळांपेक्षा बरेच कमी आढळले. ही बाळे बहुधा उताणी निजत, आईवडिलांच्याच खोलीत असत आणि त्यांच्या आया क्वचितच धूम्रपान करीत.

मोहीम

न्यूझीलंडमध्ये हे मृत्यू हजारी चारच्या आसपास होते. १९८७ मध्ये तेथे तीन वर्षांचा देशव्यापी अभ्यास सुरू झाला. पहिल्याच वर्षाच्या आकड्यांत तीन गोष्टी ठळक दिसल्या: पालथी झोप, आईचे धूम्रपान आणि अंगावर न पाजणे. तिन्ही बदलता येण्याजोग्या होत्या. १९९१ मध्ये देशभर मोहीम निघाली आणि मृत्यू निम्म्यावर आले.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे पीटर फ्लेमिंग यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. पालथी झोप आणि जादा उबदार पांघरुणे यांचा धोका त्यात दिसत होता. पण तो घरोघर पोचला एका आईमुळे. दूरचित्रवाणीवरील निवेदिका अॅन डायमंड यांचा लहानगा मुलगा जुलै १९९१ मध्ये झोपेत गेला. न्यूझीलंडमध्ये काय चालले आहे हे त्यांनी जाणून घेतले आणि आपल्या देशात हे का सांगितले जात नाही, असा जाहीर प्रश्न केला. डिसेंबर १९९१ मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली. दोन-तीन वर्षांतच तेथील मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली.

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ मध्ये मोहीम निघाली. १९९२ मध्ये सुमारे ७० टक्के बाळे पालथी निजत. दशक संपता-संपता ती २० टक्क्यांच्या आत आली. मृत्यूंचे प्रमाण १९९२ मधील हजारी १.२ वरून २००१ मध्ये ०.५६ झाले. ना नवे औषध, ना नवी लस. सुरुवातीला कुशीवर निजवणेही चालेल, असे सांगितले जाई. कुशीवरचे बाळ सहज पालथे होते, असे आकड्यांवरून दिसल्यावर तेही बदलले. स्पॉक यांच्या पुस्तकानेही सल्ला बदलला. १९९८ मध्ये ते वारले, त्याच वर्षीच्या आवृत्तीत बाळाला उताणे निजवावे असे सांगितले आहे.

घशात दूध अडकण्याची भीती

मग ती मूळची भीती? बाळे उताणी निजू लागल्यावर दूध श्वासनलिकेत जाऊन होणारे मृत्यू वाढले का? वाढले नाहीत. शरीररचना पाहिली की कारण समजते. श्वासनलिका पुढच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या मागे असते. बाळ उताणे असले की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. उलटून आलेले दूध खालच्या नळीत राहते, बाळ ते गिळते किंवा तोंडावाटे बाहेर टाकते. पालथे असताना हा क्रम उलटतो. वर्गातल्या फळ्यावर आकृती काढून ती उलटसुलट फिरवली की मुलांना हे लगेच पटते. म्हणजे 'सहज पटणारे' कारण शरीरशास्त्राच्या साध्या आकृतीसमोरही टिकत नव्हते.

पालथ्या झोपेत नेमके काय घडते? मऊ गादीत तोंड असले की बाळ स्वतःच सोडलेली कार्बन डायऑक्साइडयुक्त हवा पुन्हा आत घेते. शरीराची उष्णता कमी बाहेर पडते. शिवाय पालथे बाळ अधिक गाढ झोपते, लवकर जागे होत नाही. हे आईवडिलांना सोयीचे वाटायचे, पण धोका त्यातच होता. एरवी हवा कमी पडली की बाळ मान हलवते, कुशी बदलते, रडते. बोस्टनमधील हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रीतीने दगावलेल्या अनेक बाळांच्या मेंदूच्या खोडात, म्हणजे श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या भागात, सेरोटोनिन या रसायनाच्या यंत्रणेत दोष आढळला. वय नाजूक (दोन ते चार महिने सर्वांत अधिक), मूळचा एखादा छुपा दोष आणि पालथी झोप किंवा धूर यांसारखा बाहेरचा ताण, असे तिन्ही एकत्र आले की घात होतो, असे आज समजले जाते. यांतली पहिली दोन कारणे आपल्या हातात नाहीत, तिसरे आहे. तेवढे टाळूनही काही मृत्यू होतात. म्हणून बाळ गमावलेल्या आईवडिलांना 'तुम्ही कसे निजवले होते?' असे दटावणीच्या सुरात विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे बाळाला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात उताणे निजवण्याची रीत जुनीच आहे. म्हणजे या बाबतीत आजी बरोबर होती आणि गाजलेले पुस्तक चूक. पण म्हणून जुने ते सारे बरोबर, असा निष्कर्ष काढू नये. तीच आजी तान्ह्याला मध चाटवायला सांगते आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी ठेवतात, तिचीही गरज नाही. आजीचे असो वा पुस्तकाचे, प्रत्येक म्हणणे तपासूनच घ्यायला हवे.

आज बालरोगतज्ज्ञ जे सांगतात ते थोडक्यात असे. पहिले वर्षभर बाळाला रात्री आणि दुपारीही उताणेच निजवावे. अंथरूण सपाट व घट्ट असावे. उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी बाळाजवळ ठेवू नयेत, तोंड-डोके झाकू नये, फार गुंडाळू नये. बाळाचे निजणे आईवडिलांच्या खोलीतच असावे. अंगावर पाजावे. घरात विडी-सिगारेट ओढू नये. बाळ आपले आपण दोन्ही बाजूंनी वळू लागले की झोपेत पालथे झाले तरी रात्रभर जागून त्याला उलटवत बसण्याची गरज नाही, मात्र तोवर दुपट्यात गुंडाळणे बंद झालेले असावे. डोके चपटे होऊ नये आणि मान-खांदे बळकट व्हावेत म्हणून जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला पालथे खेळू द्यावे. बाळाला काही विशेष आजार असेल तर त्याच्या डॉक्टरांचे ऐकावे.

शेवटी वर्गासाठी एक सूचना. मुलांना घरी ऐकलेले पाच सल्ले लिहून आणायला सांगा. प्रत्येकासमोर तीन प्रश्न मांडा. हे कशावरून म्हणतात? कोणाची कोणाशी तुलना केली? हे चूक असते तर आपल्याला कसे कळले असते? उत्तरे लगेच मिळणार नाहीत, नाही मिळाली तरी चालेल. या मुलांतली बरीचशी पुढे आईबाबा होतील, काही डॉक्टर आणि परिचारिकाही होतील. एखादा सल्ला पुढे देण्यापूर्वी त्यांना हे तीन प्रश्न आठवले, तर या धड्याचे चीज झाले असे आम्ही समजू.